ताणाच्या क्लायंटची पहिली माहिती: काय विचारायचं, काय लिहायचं, काय सोडून द्यायचं

ताण आणि चिंता यांवर कोचिंग करायला नव्यानं लागलेले बहुतेक जण आधी फॉर्म तयार करतात. पाच पानी, साठ प्रश्नांचा, जन्मगावापासून लहानपणच्या आजारांपर्यंत सगळं विचारणारा. झोप उडालेला माणूस तो रात्री अकराला मोबाइलवर उघडतो, सतराव्या प्रश्नाला थकतो आणि पुन्हा फोन करत नाही. माहिती घ्यायची ती तीन गोष्टी ठरवण्यापुरती: हे काम आपलं आहे का, सुरुवात कुठून करायची, आणि महिना-दीड महिन्यानं फरक पडला हे कशावरून ओळखायचं. ज्या उत्तराचा या तिन्हींपैकी एकालाही उपयोग नाही, तो प्रश्न फॉर्ममधून काढून टाका. साठाचे वीस होतात.

पायरी १: आधी दहा मिनिटांचा फोन

फॉर्म पाठवण्यापूर्वी एकदा बोलून घ्या. पहिला प्रश्न असा ठेवा: "आत्ता मोकळेपणानं बोलता येईल का, की जवळ कुणी आहे?" दोन खोल्यांच्या घरात फोनवर 'हो' किंवा 'नाही' एवढंच बोलता येणारी माणसं खूप असतात. मग हे विचारा: कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, व्हॉट्सॲपवर लिहिलेलं चालेल का, तो फोन घरात आणखी कोण हाताळतं. 'तुमच्या चिंतेच्या सेशनची आठवण' असा मेसेज सासूबाईंच्या किंवा वडिलांच्या हाती पडला, तर तुमचं काम सुरू होण्याआधीच बिघडलं. मेसेजमध्ये फक्त वार आणि वेळ लिहायची, हे आताच ठरवून टाका.

याच फोनवर वय विचारा. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी पालकांची संमती लागते, ती आधी. शिवाय जवळच्या एका माणसाचं नाव आणि नंबर घ्या, ज्याला गरज पडल्यास फोन केलेला चालेल. ऑनलाइन काम असेल तर प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला 'आज तुम्ही कुठे आहात?' हे विचारून पत्ता टिपून ठेवायची सवय लावून घ्या. क्लायंट एरवी पुण्यात राहतो, पण त्या दिवशी गावी गेलेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवशी मदत पाठवायची वेळ येते.

आणखी एक खुलासा इथेच करावा. आपल्याकडे 'कोचिंग' म्हटलं की लोकांना क्लास आठवतो, आणि 'तुम्ही डॉक्टर ना?' असंही विचारतात. स्पष्ट सांगा: मी निदान करत नाही, औषध देत नाही, चालू असलेलं औषध कमी-जास्त करायला सांगत नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ असतात, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. अशा एका-दोघांचे नंबर पहिल्या क्लायंटच्या आधीच तुमच्याकडे हवेत. ऐनवेळी शोधायला लागलात तर उशीर होतो.

पायरी २: एका पानाची संमती

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, आणि वाचून दाखवायचं. नुसतं 'सही करा' म्हणून पुढे सरकवलेला कागद कुणी वाचत नाही. त्यात एवढं असू द्या: काय माहिती घेणार आणि कशासाठी, ती कुठे ठेवणार, किती काळानं नष्ट करणार, कोण पाहू शकेल, फी किती आणि भेट रद्द केल्यास काय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणानं दिलेली, ठरावीक कारणापुरती आणि समजून-उमजून दिलेली हवी. शिवाय ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं असायला हवं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. म्हणून 'माहिती काढून टाका' असं कुणी म्हटलं तर त्यानं नेमकं काय करायचं, तेही याच पानावर लिहा.

गोपनीयतेला असलेले अपवाद मात्र बारीक अक्षरात ढकलू नका. तोंडी सांगा: "तुम्ही सांगाल ते माझ्याजवळ राहील. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवावं लागेल. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्यानं मला ते पोलिसांना कळवावंच लागतं." हे आधी सांगितलं नाही आणि नंतर कळवायची वेळ आली, तर क्लायंटला तो विश्वासघात वाटतो. त्याचं तसं वाटणं चुकीचंही नसतं.

कंपनीनं कर्मचाऱ्यांसाठी तुम्हाला बोलावलं असेल तर एक ओळ वाढवा: कंपनीला काय कळणार आणि काय नाही. किती जण आले, एवढा आकडा द्या. नाव आणि विषय कधीही नाही.

पायरी ३: फॉर्ममध्ये शरीर आधी

नवे लोक नेमकं इथे चुकतात. चिंता म्हणजे मनाचा विषय, म्हणून विचार आणि भावना यांचे प्रश्न भरतात, आणि शरीराचा भाग 'काही आजार आहे का? हो/नाही' एवढ्यावर उरकतात. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली की छातीत धडधड होते, हाताला कंप सुटतो, घाम येतो, वजन घटतं, उकाडा सोसत नाही. ही यादी चिंतेच्या यादीशी इतकी जुळते की नुसतं ऐकून फरक सांगता येत नाही. हिमोग्लोबिन कमी असलं की जिना चढताना धाप लागते आणि धडधडतं. दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलनं हात थरथरतात. म्हणून विचारा: शेवटची रक्ततपासणी कधी झाली, थायरॉइड पाहिलं होतं का, गेल्या वर्षभरात बाळंतपण झालं का, पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्रास वाढतो का. तपासणी झालेली नसेल तर 'एकदा फॅमिली डॉक्टरांना दाखवून या' हा तुमच्या कामाचाच भाग आहे.

छातीत पहिल्यांदाच दुखणं, ते हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, सोबत घाम आणि दम लागणं, असं कुणी सांगितलं तर फॉर्म बाजूला ठेवा. ते आत्ता होत असेल तर १०८. होऊन गेलं असेल तर आधी डॉक्टर आणि ईसीजी, मग कोचिंग.

औषधांची नावं लोकांना आठवत नाहीत. 'झोपेची बारकी गोळी' एवढंच सांगतात. पहिल्या भेटीला गोळ्यांच्या पट्ट्या आणायला सांगा. त्यात अल्प्राझोलामसारखी गोळी निघाली तर ती किती दिवसांपासून आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे लिहा, पण 'बंद करा' म्हणू नका. रोज घेतलेली ही गोळी एकदम तोडली तर फिट्स येऊ शकतात. ती कमी करायचं काम डॉक्टरांचं.

चहा कपात नाही, भांड्यात मोजा. टपरीवरचं कटिंग आणि ऑफिसातला मग यात दुपटी-तिपटीचा फरक असतो. आणि शेवटचा चहा किती वाजता, हे जरूर विचारा. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा परिणाम अकराला अंथरुणावर पडताना शिल्लक असतो. तंबाखूचं विचारताना सगळी नावं घ्या: सिगारेट, गुटखा, मळलेला तंबाखू, मिश्री. 'तंबाखू खाता का?' याला 'छे' म्हणणाऱ्या बाईच्या घरात मिश्रीची डबी असते. ती दात घासते, खात नाही, म्हणून तिचं उत्तर खरंच असतं. दारूबद्दल 'घेता का?' ऐवजी 'शेवटची कधी घेतली, किती?' विचारा. रोज क्वार्टर घेणाऱ्याला सकाळी सुटणारा कंप आणि घाम चिंतेचा नसून उतरत्या दारूचा असू शकतो. अशा माणसानं एकदम सोडणंही धोक्याचं, म्हणून डॉक्टरांकडेच पाठवा.

उपासही विचारा. आठवड्यातून दोन दिवस फक्त चहावर राहणाऱ्या माणसाला दुपारी चारला 'जीव घाबरा' होतो. तारखा जुळवून पाहिल्या की सोमवार-गुरुवार बाहेर येतात.

झोपेला चार प्रश्न पुरतात: अंथरुणावर कधी पडता, झोप कधी लागते, मध्ये किती वेळा जाग येते, उठता कधी. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना कालच्या नाही, गेल्या दोन आठवड्यांच्या पाळ्या विचारा.

पायरी ४: मोजपट्टी, समोर बसून

जीएडी-७ ही सात प्रश्नांची प्रश्नावली चिंतेसाठी सर्वात सोयीची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली, वापरायला मोफत, आणि मराठी अनुवादही उपलब्ध आहे. तोच वापरा. आपल्या मनानं भाषांतर केलं तर गुणांच्या मर्यादा लागू राहत नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला, असा प्रश्न असतो. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला सुचवा. 'तुम्हाला ॲन्झायटी डिसऑर्डर आहे' असं मात्र आकड्यावरून म्हणायचं नाही. हा चाळणीचा आकडा आहे, निदानाचा नाही.

ताण किती जाणवतो यासाठी १९८३ पासून वापरात असलेल्या प्रश्नावलीची दहा प्रश्नांची आवृत्ती, पीएसएस-१०, आहे. गेल्या महिन्याबद्दल विचारते, प्रत्येकी ० ते ४, एकूण ४०. तिच्यात ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे मोजायचे असतात, आणि तिथेच गोंधळ होतो. परिस्थिती नीट हाताळणाऱ्या माणसानं या चारही प्रश्नांना 'बऱ्याचदा' म्हणजे ३ दिले, तर उलटवून प्रत्येकी १, म्हणजे ४ गुण होतात. उलटवायला विसरलात तर १२. आठ गुणांचा नसलेला ताण तुम्ही कागदावर चढवलात.

मन खचलेलं वाटत असेल तर पीएचक्यू-९ वापरतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. म्हणून ही प्रश्नावली लिंक पाठवून भरून घेऊ नका. क्लायंटनं शनिवारी रात्री नवव्या प्रश्नाला ३ दिले आणि तुम्ही ते मंगळवारी उघडलं, असं होता कामा नये. समोर भरून घ्या, तिथेच वाचा, शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच बैठकीत पुढचे प्रश्न विचारा. आणि भरताना नवरा, आई किंवा मैत्रीण शेजारून 'अगं, तेवढं नाही होत तुला' म्हणणारी नको.

पायरी ५: पहिली भेट

साठ ते पंचाहत्तर मिनिटं ठेवा, आणि पहिली वीस मिनिटं कागदाकडे न बघता ऐका. 'अहो-जाहो'नं सुरू करा. एकोणीस वर्षांच्या मुलाला ते परकं वाटत असेल तर 'तू म्हटलं तर चालेल?' हे विचारून मग.

'का' हा शब्द जपून वापरा. 'ऑफिसला का गेला नाहीत?' हे मराठीत जाब विचारल्यासारखं लागतं, आणि माणूस सफाई देऊ लागतो. 'त्या दिवशी काय झालं?' म्हटलं की सांगू लागतो.

'टेन्शन' हा शब्द जसाच्या तसा स्वीकारू नका. धास्ती, राग, दुःख, थकवा, पैशाची ओढाताण, सगळं त्या एका शब्दात मावतं. पुढचा प्रश्न: "टेन्शन आलं की अंगात पहिल्यांदा कुठे कळतं?" उत्तरं येतात: पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, डोकं जड होतं, हातापायाला मुंग्या येतात, जीव वरखाली होतो. यांचाही अर्थ गृहीत धरू नका. 'जीव घाबरतो' म्हणजे कुणासाठी भीती, कुणासाठी श्वास अपुरा पडणं, तर कुणा आजींसाठी पित्त. 'म्हणजे नक्की काय होतं?' हे विचारायचंच.

मग शेवटच्या एका प्रसंगावर थांबा. सरासरी नको, 'नेहमी' नको, एकच प्रसंग. समजा बत्तीस वर्षांची बँकेतली कॅशियर म्हणते, 'ऑफिसचं फार टेन्शन येतं.'

"शेवटचं कधी आलं?"
"सोमवारी."
"तेव्हा कुठे होतात? किती वाजले होते?"
"ठाण्याला, प्लॅटफॉर्मवर. सव्वानऊ."
"मनात काय चाललं होतं?"
"आज पुन्हा कॅशमध्ये फरक निघाला तर?"
"अंगात?"
"हात गार पडले. पोटात कालवलं."
"मग?"
"दोन गाड्या सोडल्या. साहेबांना मेसेज टाकला, बरं नाही म्हणून. घरी आल्यावर तासाभरात ठीक वाटलं."

'ऑफिसचं टेन्शन' आता कामाला घेता येईल असं झालं. ठिणगी कुठे पडली, विचार कोणता, शरीरात काय, काय टाळलं, आणि टाळल्यावर मिळालेला आराम. हा शेवटचा दुवा विसरू नका, कारण त्याच आरामामुळे पुढच्या सोमवारी पाय आणखी जड होतो. पण इथे थांबलात तर निम्मीच माहिती मिळाली. "फरक याआधी किती वेळा निघाला?" विचारलं की कळतं: मार्चमध्ये एकदा, दोन हजार, स्वतःच्या खिशातून भरले, आणि तेव्हापासून काउंटरवर दुसरं माणूस नाही. म्हणजे त्रासात खरा बोजाही आहे. माणूस कमी असल्याचा प्रश्न दीर्घ श्वासानं सुटत नाही. तो साहेबांशी बोलण्याचा विषय आहे. कागदावर मध्ये रेघ मारा: एका बाजूला प्रत्यक्षातला भार, दुसऱ्या बाजूला भारावर चढलेली काळजी. दोन्हींचे उपाय वेगळे.

आधी काय करून पाहिलं, तेही विचारा, आणि यादी तुम्हीच पुढे करा: डॉक्टर, आयुर्वेद, योग, नामस्मरण, कुणी सांगितलेला तोडगा. तुम्ही नाव घेतलं की लाज वाटत नाही. ज्यानं थोडा का होईना फरक पडला, त्याच्याखाली रेघ ओढा. सुरुवात बऱ्याचदा तिथूनच करता येते.

सोबत कुणी आलं असेल आणि तेच उत्तरं देत असेल, तर म्हणा: "आता पंधरा मिनिटं मी यांच्याशी एकट्यानं बोलते. सगळ्यांच्या बाबतीत असंच करते." त्या पंधरा मिनिटांत 'घरात सुरक्षित वाटतं का, कुणी हात उचलतं का?' हे विचारा. सुरक्षित वाटत नसेल किंवा कुणी हात उचलत असेल, तर महिला हेल्पलाइन १८१ ची माहिती तोंडी द्या. कागद देऊ नका, तो घरी सापडतो.

पायरी ६: जिवाच्या धोक्याचे प्रश्न

विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो ही समजूत चुकीची आहे. विचारलं की बहुतेकांना हलकं वाटतं. प्रत्येक क्लायंटला विचारा, म्हणजे कुणालाच आपण वेगळे असल्यासारखं वाटत नाही. 'टोकाचे विचार' असं आडवळणानं नको. 'सगळं संपवून टाकावंसं वाटतं' असं कुणी म्हणालं, तर तिथेच विचारा: "संपवायचं म्हणजे नोकरी, संसार, की स्वतःला?" मराठीत त्या वाक्याचे तिन्ही अर्थ होतात.

पुढचे प्रश्न क्रमानं: मरून जावं असं वाटतं का? स्वतः काही करावं असं मनात येतं का? कसं, ते ठरवलंय का? ते साधन हाताशी आहे का? याआधी कधी प्रयत्न झालाय का? पोलिसांच्या भीतीनं लोक शेवटच्या प्रश्नाला खोटं सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरून खटला आणि शिक्षेपासून संरक्षण देतं, हे सांगता आलं पाहिजे. शेतीच्या घरात फवारणीचं औषध कुठे ठेवतात, हे नाव घेऊन विचारा, आणि ते आजच दुसऱ्या कुणाच्या ताब्यात कुलपात जाईल असं पाहा.

ठरवलेलं असेल आणि साधन जवळ असेल, तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. नातेवाइकाला बोलवा, जवळच्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवा, गरज पडली तर ११२. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. तो प्रत्येक क्लायंटच्या मोबाइलमध्ये पहिल्याच भेटीत सेव्ह करून द्या. कानात आवाज येणं, कित्येक दिवस न झोपताही अंगात अफाट जोर असणं, नव्यानं फिट्स येणं, हेही कोचिंगचं काम नाही.

पायरी ७: नोंद

त्याच दिवशी लिहा. 'क्लायंट चिंताग्रस्त, आत्मविश्वास कमी' ही नोंद महिन्यानं कुणालाच उपयोगी पडत नाही. अशी लिहा: "'हात गार पडले, पोटात कालवलं', सोम. ९.१५, ठाणे. २ गाड्या सोडल्या. घरी १ तासात ठीक. जीएडी-७: १२. चहा ५ मग, शेवटचा ७ ला." अवतरणात फक्त क्लायंटचे शब्द, तुमचा अंदाज खाली वेगळा, 'अंदाज' असं लिहून.

फाइलवर नावाऐवजी क्रमांक. नाव आणि क्रमांकाची यादी दुसऱ्या जागी, कुलपात किंवा पासवर्डखाली. गोळ्यांच्या पट्टीचा फोटो काढलात तर तो तुमच्या मोबाइलमधून घरच्या सगळ्यांच्या सामायिक फोटोसाठ्यात आपोआप चढतो, हे ध्यानात ठेवा. त्यापेक्षा नावं हातानं उतरवून घ्या.

पायरी ८: आठवड्याची वही आणि परत वाचन

जाताना सात दिवसांची वही द्या. चार रकाने: वेळ, काय घडलं, अंगात काय, ० ते १० पैकी किती. दिवसाला तीनपेक्षा जास्त नोंदी मागू नका, नाहीतर वही हीच नवी काळजी होते. दहाचा अर्थ क्लायंटकडूनच ठरवून घ्या. त्या कॅशियरसाठी १० म्हणजे सोमवारचा प्लॅटफॉर्म. मग तिचा पाच आणि दुसऱ्या कुणाचा पाच वेगळा असला तरी बिघडत नाही. जीएडी-७ पुन्हा दोन आठवड्यांच्या आत घेऊ नका, कारण प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. पीएसएस-१० ला महिना जाऊ द्या.

दुसऱ्या भेटीच्या सुरुवातीला तुमचं एका पानाचं टिपण मोठ्यानं वाचून दाखवा आणि पेन क्लायंटच्या हाती द्या. 'ऑफिसची भीती' हे खोडून ती 'कॅशची भीती' लिहील, 'घरी ठीक' याच्यापुढे 'रविवार रात्र सोडून' असं जोडेल. खाडाखोड झालेला तोच कागद फाइलला लावा. त्यावरून पुन्हा स्वच्छ प्रत काढू नका.